विश्लेषण : साइड-बाय-साइड घ्यायचीय? आधी जागा बघा, मग हॉर्सपॉवर

पाऊस सुरू झाला की लोणावळा, पवना आणि कामशेत परिसरात चिखलात गाडी घालण्याची हौस उफाळून येते. ॲडव्हेंचर पार्कमध्ये एटीव्हीची फेरी मारून झाल्यावर काहींची नजर तिच्या मोठ्या भावंडाकडे, म्हणजे ‘साइड-बाय-साइड’कडे वळते. फार्महाऊस असलेले तर थेट खरेदीचाच विचार करतात. मग चर्चा सुरू होते ती हॉर्सपॉवरची. मावळात मात्र हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायला हवा.

साइड-बाय-साइड म्हणजे काय?

एटीव्हीवर दुचाकीसारखे बसतात आणि हँडल धरतात. साइड-बाय-साइडमध्ये दोन जण शेजारी-शेजारी बसतात. स्टिअरिंग, पेडल, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज असतो. पोलारिस कंपनी २०११ मध्ये भारतात आली, तेव्हापासून हा प्रकार इथे थोडाफार दिसू लागला.

यात ढोबळमानाने तीन गट आहेत. शेतावरच्या कामासाठी मागे हौदा असलेली ‘युटिलिटी’, रानवाटांसाठी मध्यम ताकदीची ‘ट्रेल’ आणि शर्यतीसाठीची ‘स्पोर्ट’.

ताकद किती असते?

ओळखीच्या गाडीशी तुलना करू. मारुतीची जिम्नी सुमारे १०५ हॉर्सपॉवरची, वजन साधारण १,२०० किलो. पोलारिसची आरझेडआर एक्सपी १००० ही स्पोर्ट गाडी ११० हॉर्सपॉवरची, पण तिचे वजन जिम्नीच्या जवळपास निम्मे. दोघींची रुंदी मात्र सारखीच, सुमारे १६३ ते १६५ सेंटिमीटर. म्हणजे त्याच रुंदीत प्रत्येक किलोमागे दुप्पट ताकद. काही टर्बो मॉडेल तर २०० हॉर्सपॉवरपर्यंत जातात.

ही ताकद वाळवंटासाठी आहे. डकार रॅलीत २०१७ मध्ये या गाड्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. मैलोन्मैल मोकळी वाळू, लांब झेप घेणारे सस्पेन्शन आणि सहा फूट रुंदी असा तो हिशोब. मावळात सलग दोनशे मीटर सरळ आणि मोकळी रानवाट सापडणेही अवघड. इथे चढण, निसरडा कातळ, ओढा आणि लगेच पुढे कुणाचे तरी भातखाचर.

मग महत्त्वाचे काय?

रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित आहे. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. हे गुणोत्तर जितके मोठे, तितकी गाडी उलटायला अवघड. समजा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आहे. चाकांमधले अंतर ११० सेंटिमीटर असेल तर गाडी साधारण ४२ अंशांच्या आडव्या उताराला कलंडेल. १४० सेंटिमीटर असेल तर ४९ अंशांना. हे स्थिर गाडीचे कागदी गणित झाले. वळण, दगडावर चढलेले एक चाक आणि दबलेले सस्पेन्शन यांमुळे प्रत्यक्षात मर्यादा बरीच आधी येते.

हे पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतले उदाहरण पाहा. यामाहाच्या ‘रायनो’ गाडीच्या अपघातांत ४६ मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे झाली होती. त्यानंतर मार्च २००९ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्ती मोहीम जाहीर केली. उलटण्याच्या अनेक घटना कमी वेगात आणि सपाट जमिनीवर घडल्या होत्या. दुरुस्तीत इंजिनाला हात लावला नाही. मागच्या चाकांना स्पेसर लावून ती बाहेर सरकवली आणि मागचा अँटी-स्वे बार काढला.

म्हणून ५० इंची, म्हणजे १२७ सेंटिमीटर रुंद गाडी ‘आपल्या अरुंद वाटांसाठी बरी’ हा युक्तिवाद पटत नाही. ती रुंदी अमेरिकी जंगलवाटांच्या नियमातून आली आहे. आपल्याकडे गाडीवाट बैलगाडीच्या मापाची असते आणि त्याहून अरुंद असते ती पायवाट. तिथे गाडी नेऊच नये. मावळासाठी ६० ते ६४ इंच रुंद, मध्यम ताकदीची ट्रेल किंवा युटिलिटी गाडीच शहाणपणाची.

गिअरबॉक्स कोणता?

बहुतेक गाड्यांत पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी असतो. चालवायला सोपा, पण लांब चढणीवर पट्टा तापतो आणि पाणी शिरले तर घसरतो. चढणीला ‘लो’ गिअर वापरणे आणि हवा घेणारी नळी उंचावर असणे या दोन गोष्टी इथे आवश्यक. यामाहाच्या वायएक्सझेडमध्ये पाच गिअरचा मॅन्युअल आणि होंडाच्या टॅलॉनमध्ये ड्युअल क्लच आहे. शर्यतीत ते आवडतील, पण सुटे भाग आणि मेकॅनिक कुठून आणणार, याचे उत्तर आधी शोधावे.

चालवायची कुठे?

खरी अडचण इथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या गाड्या रस्त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली गावची वाटही त्यात येते. म्हणजे फार्महाऊसपासून धरणाच्या काठापर्यंतचा ‘छोटासा राउंड’सुद्धा बेकायदा. तिथे कुणाला धडक बसली तर भरपाईचा बोजा मालकावर पडण्याची भीती आहेच.

राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. लोहगड २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याच्या पायथ्याच्या उतारांवर चाकांचे चर पाडणे कुणालाच शोभणार नाही. आणि आंबेमोहोर, इंद्रायणी पिकवणाऱ्या या तालुक्यात एक फुटलेला बांध म्हणजे खाचरातले पाणी वाहून जाणे. गाडीवाल्याची पाच मिनिटांची मजा शेतकऱ्याला लावणीच्या हंगामात महागात पडते.

शर्यतीत उतरायचे असेल तर?

सार्वजनिक जागी शर्यत लावायला राज्य सरकारची लेखी परवानगी लागते. अधिकृत स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयच्या नियमांनुसार होतात. त्यासाठी परवाना, हेल्मेट, बहुबिंदू हार्नेस आणि नियमांत बसणारा रोल केज लागतो. गाडी घेण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा : या गाडीसाठी तुमच्या स्पर्धेत वर्ग आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर २०० हॉर्सपॉवर अंगणातच उभी राहील.

निर्णय कसा घ्यावा?

स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली, कुंपण असलेली पुरेशी जमीन आणि ने-आण करायला ट्रेलर किंवा टेम्पो असेल, तरच साइड-बाय-साइडचा विचार करावा. त्यातही ट्रेल किंवा युटिलिटीच. जमीन नसेल तर बंदिस्त ट्रॅकवर तासाच्या हिशोबाने चालवावी. गाडीने घरून निघून डोंगरापर्यंत जायचे असेल, तर नोंदणीकृत फोर बाय फोर घ्यावी. कुठलीही गाडी असो, हेल्मेट आणि पट्टा हवाच. गाडी कलंडताना हात आपोआप बाहेर जातो आणि पिंजऱ्याखाली सापडतो, त्यामुळे बाजूची जाळी किंवा दारही हवे. शोरूममध्ये जाताना सातबारा आणि मोजमापाचा नकाशा सोबत न्यावा. कोणती गाडी घ्यायची, याचे निम्मे उत्तर त्या कागदांवरच मिळेल.