तिघांचा खेळ

प्रश्नोत्तरांच्या खेळाकडे पाहून नाक मुरडणारे काही विद्वान असतात. आम्ही त्यांपैकी नव्हे. कोडे घालावे, समोरच्याने डोके खाजवावे आणि उत्तर सापडताच साऱ्यांनी हसावे, ही करमणूक फार जुनी आहे. आमच्या कोंकणी घरात कोड्याला ‘उमाणें’ म्हणतात. उत्तर बरोबर आले तरी आजीचे समाधान होत नसे, ‘कसे ओळखलेस?’ हे ती हटकून विचारी.

हाच खेळ पुढे संगणकाच्या पडद्यावर आला. अमेरिकेत १९९५ साली ‘यू डोन्ट नो जॅक’ नावाचा असा एक खेळ निघाला व चांगलाच गाजला. एका कळफलकाभोवती फार तर तिघांनी बसावे आणि ज्याला उत्तर सुचेल त्याने आपली कळ चटकन दाबावी, अशी त्याची रीत. त्यातील गंमत पुष्कळशी शब्दांवरील कोट्यांची. आणि कोटी ही वस्तू अशी, की दुसऱ्या भाषेत नेताना ती वाटेतच प्राण सोडते. तरीही घरी दोनचार मित्र जमले असता वेळ मजेत जावा, एवढाच ज्यांचा हेतू, त्यांना आम्ही दोष देत नाही. घोटाळा होतो तो असा खेळ वर्गात आणल्यावर.

तो घोटाळा आम्ही स्वतःच केला. त्याच घाटणीचा एक इंग्रजी खेळ आम्ही गेल्या वर्षी वर्गात लावला. पुढे तिघे बसले. बाकीचे चाळीसजण त्यांच्या पाठी पाहत उभे राहिले. कोणा अमेरिकन नटाविषयी, कोणा गायकाविषयी प्रश्न येत होते, आणि ज्याला इंग्रजी भराभर वाचता येई तो जिंकत होता. मग एक प्रश्न आला : तंबाखू ही पुढीलपैकी कोणाच्या कुळातील? कांदा, आले, वांगे की कोबी? तिघेही गोंधळले. एवढ्यात मागून निपाणीकडचा एक मुलगा ओरडला, “वांगं! दोन्हीला बी बंबाखू लागतोय की, सर!”

आम्ही त्याला गप्प बसविले. “तुझी पाळी नाही,” असे म्हणालो. घड्याळ संपले, पडद्यावर ‘वांगे’ उमटले, आणि गुण कोणालाच मिळाले नाहीत.

बंबाखू म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारे एक परोपजीवी तण. ते तंबाखूला लागते, तसेच वांग्यालाही लागते. म्हणजे त्या मुलाला केवळ उत्तर ठाऊक नव्हते, त्यामागची खूणही ठाऊक होती. आणि ती त्याने पुस्तकात नव्हे, शिवारात पाहिली होती. संगणकाला त्याचे काय? त्याला चारांतील एक कळ हवी असते. ‘कसे ओळखलेस?’ हे तो विचारीत नाही. त्या दिवशी आम्हीही विचारले नाही, याची खंत आम्हाला अजून आहे.

कोणी म्हणेल, आता तीनच जागांचे बंधन कोठे राहिले आहे? नॉर्वेमध्ये २०१३ साली ‘कहूट’ निघाले. त्यात ज्याने त्याने आपल्या हातातील यंत्रावरून उत्तर द्यावयाचे. खरे आहे, पण त्यासाठी प्रत्येकाच्या हाती यंत्र हवे, आणि वर्गात फोन आणू नये हा नियम तर आम्हीच केलेला! दूरदर्शन संचाची गोष्ट पाहा. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, पुढे २०१२ साली त्याचा कन्नड व २०१३ साली मराठी अवतार आला. खुर्चीत एकच मनुष्य बसलेला असे; परंतु आमच्या सीमाभागातील घराघरांत आजोबांपासून नातवापर्यंत सारे मोठ्याने उत्तरे देत, भांडत, एकमेकांस चुकीचे ठरवीत. घरातल्या माणसांना कोणी ‘तुझी पाळी नाही’ म्हटले नाही.

तेव्हा आम्ही संगणक बंद केला आणि वर्गाचे दोन पक्ष पाडले. प्रश्न मुलांनीच आणावयाचे. भाषा मराठी, कन्नड, कोंकणी, कोणतीही चालेल. उत्तराबरोबर कारण सांगितले तर एक गुण अधिक. बेळगावच्या एका मुलीने विचारले, टिळकवाडीची काँग्रेस विहीर कोणासाठी खोदली? १९२४ च्या अधिवेशनास येणाऱ्या प्रतिनिधींना पाणी मिळावे म्हणून. ते अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले ते तेवढ्या एकाच वेळी, ही पुरवणी दुसऱ्या पक्षाने जोडली. पु. ल. देशपांड्यांचे ‘रावसाहेब’ कोणत्या गावचे, यावर तर बेळगावकरांनी बाके वाजविली. आवाज इतका झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. असो.

शेवटी तो निपाणीकडचा मुलगा उठला. त्याचा प्रश्न आम्हालाच होता : बंबाखूचे झाड हिरवे का नसते? आम्ही पडलो कलाशाखेचे! एक दिवसाची मुदत मागून घेतली, विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत सांगितले, की ते आपले अन्न आपण तयार करीत नाही, दुसऱ्याच्या मुळांतून शोषते. म्हणून त्याला हरितद्रव्याची गरजच नसते.

मुलगा शांतपणे म्हणाला, “मला ठाव हाय, सर. तुम्हांस्नी ठाव हाय का बघत हुतो.”