चित्र भिंतीवरचें आणि अंगावरचें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. विषय होता माझ्या धाकट्या बंधूंच्या नातीचा. मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि घरच्या मंडळींनीं तिच्यासाठीं अभियांत्रिकीचा मार्ग योजूनहि ठेवला होता. परंतु तिनें शांतपणें सांगितलें, "मला पुस्तकांसाठीं चित्रें काढावयाचीं आहेत, आणि कापडावरची नक्षी योजावयास शिकावयाचें आहे." तिचे वडील म्हणाले, "हा छंद झाला; पोटाचें काय?" आमचे बंधु म्हणाले, "चित्रकारच व्हावयाचें तर मोठें व्हावें. छिटाच्या वेलबुट्ट्या काढण्यांत कसला पुरुषार्थ?" शेवटीं, घरांतील वडील आणि त्यांतून शिक्षक, म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मागण्याचें कारण सांगण्यास मला संकोच वाटतो, तरी सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मीं वर्गाला 'राम' शब्द चालवून लिहावयास सांगितला असतां, एका विद्यार्थ्यानें वहीच्या समासांत वरपासून खालपर्यंत एक वेल काढलेली मला दिसली. वेलीचें प्रत्येक पान निराळें होतें, पण तिची लय कोठेंहि मोडली नव्हती. मीं तें पान फाडलें आणि मुलाच्या हातावर छडी मारली. शब्द त्यानें पुढें बिनचूक चालविला. वेल मात्र माझ्या वर्गांत पुन्हां कधीं काढली नाहीं. आज नातीचें बोलणें ऐकून ती वेल माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

या आठ दिवसांत मीं राउल द्युफी या फ्रेंच चित्रकाराचें चरित्र वाचून काढलें. हें नांव नातीनेंच मला सांगितलें होतें. ज्या दोन गोष्टी तिला करावयाच्या आहेत, त्या दोन्ही या गृहस्थानें आयुष्यभर केल्या. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

द्युफीचा जन्म 1877 सालीं फ्रान्समधील ल हाव्र या बंदरांत झाला. नऊ भावंडांपैकीं तो एक. घरची स्थिति बेताची. म्हणून चौदाव्या वर्षीं शाळा सोडून तो कॉफी आयात करणाऱ्या एका पेढींत कामास लागला. अठराव्या वर्षापासून तो नगरपालिकेच्या कलाशाळेच्या रात्रीच्या वर्गास जाऊं लागला. उजवा हात फार सहज चालतो, त्यामुळें डोळा आळशी होतो, असें वाटून त्यानें डाव्या हातानें काढण्याचा अभ्यास केला, असें सांगतात. आपल्या सोयीवर असा अंकुश घालणाऱ्या माणसाच्या कामाला छंद कोण म्हणेल? पुढें 1900 सालीं शिष्यवृत्ति मिळवून तो पॅरिसला गेला.

तेथें अपोलिनेर या कवीच्या पशुपक्ष्यांवरील लहान लहान कवितांसाठीं त्यानें लाकडावर चित्रें कोरलीं. हें पुस्तक 1911 सालीं निघालें. प्रती अवघ्या 120, आणि त्याहि फारशा खपल्या नाहींत. परंतु लाकडावरच्या कामानें त्याला एक मोठी विद्या दिली. कागदावर चुकलेली रेघ पुसतां येते. लाकडांतून एकदां उडालेली ढलपी परत बसवितां येत नाहीं. शिवाय चित्र उलटें कोरावें लागतें, आणि जें कोरून काढलें तें पांढरें व जें राखलें तेवढेंच काळें उमटतें. काय ठेवावयाचें आणि काय टाकावयाचें, याचा निश्चय हत्यार चालविण्यापूर्वींच करावा लागतो.

त्याच वर्षीं पॅरिसमधील विख्यात वस्त्रयोजक पॉल प्वारे यानें त्याला कापड छापण्याचा एक लहानसा कारखाना काढून दिला, आणि रंगांच्या कामासाठीं एक रसायनज्ञ मदतीस दिला. पुस्तकासाठीं ठसा कोरणारा हात आतां कापडासाठीं ठसे कोरूं लागला. पुढच्याच वर्षीं ल्योंच्या बिआंचिनी-फेरिए या रेशमी कापडाच्या पेढीनें त्याच्याशीं करार केला, आणि 1928 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, तो या पेढीसाठीं नक्ष्या करीत राहिला. हत्ती, घोडे, शिंपले, गुलाब, कापणी करणारे शेतकरी, टेनिस खेळणारीं माणसें, असें जें जें डोळ्यांस दिसलें तें तें त्यानें कापडावर आणलें.

"वेलबुट्ट्या काढणें" हें काम सोपें आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पुढील गोष्ट ध्यानांत घ्यावी. भिंतीवरचें चित्र चौकटींत संपतें. कापडावरचें चित्र संपत नाहीं. एक चौकोनी तुकडा शेंकडों वेळां एकमेकांस लागून उमटावयाचा असतो. म्हणून त्याच्या डाव्या कडेला तुटलेलें पान उजव्या कडेला पूर्ण झालें पाहिजे, आणि वरची फांदी खालच्या मुळाशीं मिळाली पाहिजे. एकटा तुकडा सुंदर दिसतो. पण तो पुनःपुन्हां छापला कीं मध्येंच एक पांढरी वाट पडलेली दिसते, आणि सगळी मेहनत वायां जाते. संस्कृत वृत्ताचा अभ्यास केलेल्यांस हें चटकन समजेल. इंद्रवज्रेच्या प्रत्येक चरणांत अकराच अक्षरें आणि गणहि तेच. तरी चांगल्या कवीच्या श्लोकांत सांधा ऐकूं येत नाहीं. नक्षीकाराचें यश तेंच, सांधा दिसूं न देण्यांत.

शिवाय प्रत्येक रंगाला निराळा ठसा, आणि एका ठशावर दुसरा नेमका बसला पाहिजे. विणावयाची नक्षी असेल तर तें चित्र आधीं चौकटीच्या कागदावर उतरवितात. ताणा आणि बाणा जेथें जेथें एकमेकांस छेदतात तेथें कोणता धागा वर राहील, हें त्यावरून ठरतें. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांस भोंकें पाडून तीं जॅकार्डच्या यंत्रावर चढवितात. हें यंत्र 1804 च्या सुमारास ल्यों येथेंच सिद्ध झालें. आपल्या घरोघरच्या सोलापुरी चादरीवरील नक्षीहि याच युक्तीनें विणली जाते. हें मी जेवतांना सांगत होतों, तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मागें माजघराचे पडदे शिवतांना दोन पट्ट्यांचीं फुलें जुळेनात, आणि अर्धा वार कापड फुकट गेलें. त्या वेळीं तुम्ही मलाच हसलां होतां!" यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां बंधूंच्या आक्षेपाकडे वळूं. द्युफीलाहि 'हा तर केवळ सजावटकार' म्हणून हिणविणारे टीकाकार भेटले. पण कापडानें त्याची चित्रकला खालीं ओढली काय? त्याच्या पुढील चित्रांत रंग रेषेबाहेर मोकळेपणानें पसरतो आणि रेषा त्यावर स्वतंत्रपणें नाचते. रंगाचा ठसा वेगळा आणि रेषेचा वेगळा असण्याच्या संवयीशीं समीक्षक या रीतीचा संबंध जोडतात. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं त्यानें विजेच्या इतिहासावर 10 मीटर उंच व 60 मीटर लांब असें चित्र 250 फळ्यांवर रंगविलें, आणि त्यांत शंभरांहून अधिक शास्त्रज्ञ व विचारवंत उभे केले. इतक्या फळ्यांचे सांधे जुळविणाऱ्याला सोळा वर्षांचें कापड उपयोगी पडलें नसेल, असें मला तरी वाटत नाहीं.

पुढें संधिवातानें त्याचीं बोटें आखडलीं, तरी हातांतील कुंचला त्यानें ठेवला नाहीं. 1950 सालीं बॉस्टन येथें नव्या औषधानें त्याला बराच आराम पडला. 1952 मध्यें व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याला मोठें पारितोषिक मिळालें. आणि 1953 मध्यें तो वारला.

नववे दिवशीं मीं निर्णय सांगितला. चौसष्ट कलांच्या यादींत आलेख्य आहे, तसेंच सूचीवानकर्म, म्हणजे शिवणें-विणणें, हेंहि आहे. यादी करणाऱ्यानें एकीला गादीवर आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर बसविलें नाहीं. आपण तरी कां बसवावें? पोटाविषयींचा प्रश्न मात्र खरा आहे. प्रत्येक नक्षीकार द्युफी होत नाहीं, हें मीं नातीला स्पष्ट सांगितलें. आणि ज्या द्युफीचें पुस्तक खपलें नाहीं त्याला काम कापडानेंच दिलें, हें तिच्या वडिलांना सांगितलें. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 पासून उभी आहे. तेथें कापडनक्षीचें शिक्षण मिळतें. तेथील प्रवेशपरीक्षा नातीनें द्यावी, रोज सकाळीं चहापूर्वीं एक चित्र काढावें, आणि रंगांचें रसायन व मोजमापाचें गणित टाळूं नये, एवढ्या अटी मीं घातल्या. तिनें त्या मान्य केल्या. तिचे वडील अजून पुरते राजी नाहींत, पण फॉर्मवर त्यांनीं सही केली आहे.

वाचकहो, आपल्याहि घरांत एखाद्या वहीच्या समासांत वेल चढत असेल. शब्द चालविण्यास अवश्य सांगा. पान मात्र फाडूं नका.