लाजेपायी जीव जाऊ नये



आज जरा अवघड विषय. अवघड म्हणूनच बोलायला हवा.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी सवड मिळूनही देशात वर्षाला सुमारे ८० हजार बायका याने जातात.

तपासणीचा उपयोग किती, हे आपल्याच भागाने जगाला दाखवलं. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीसाठी निवडलेल्या ३४ हजारांच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू. तपासणीविना राहिलेल्या ३१ हजारांच्या गटात ६४. एकदाच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे! मी कॉमर्सची, मला एवढा हिशेब पुरतो.

मग आपण मागे का? टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणून. पण आता नमुना स्वतः घेता येतो. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनीमार्गात घालून हलकेच फिरवायची, नळीत ठेवून द्यायची. दार लावून, दोन मिनिटांत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये याला मान्यता दिली. तिशीनंतर, दर पाच ते दहा वर्षांनी.

‘आम्ही संस्कारी घरातल्या, आम्हाला कशाला?’ असं म्हणू नका. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुधा आपोआप जातो. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि चारित्र्यावर डाग तर नव्हेच. सुनेचा असा रिपोर्ट आला तर हे पहिल्यांदा सासूने बोलावं.

मात्र पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे, नाहीतर तपासणी वाया. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर किटची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी आपण पाणी गाळून पितो. न दिसणाऱ्या आजाराची काळजी आपल्याला परकी का वाटावी? या चातुर्मासात महिला मंडळाने एका दुपारी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवावं. किट कुठे मिळेल, पुढचे उपचार कुठे होतील, दोन्ही विचारून घ्यावं. सासवांनी पुढे बसावं, सुना आपोआप येतील.