अंडं कोणाच्या ताटात?

बाजाराचा दिवस लांब, घरात भाजी नाही आणि पाहुणे दारात. अशा वेळी मूल असो, सिंदेवाही असो की आरमोरी, आपल्याकडच्या गृहिणीला आठवतो तो अंड्याचा रस्सा. अर्ध्या-पाऊण तासात होतो, गरमागरम भाताबरोबर सगळेच हात चाटत जेवतात. पण मैत्रिणींनो, वाढताना कधी नीट पाहिलंत? अंडी आधी पाहुण्यांच्या, मग घरच्या पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात जातात. त्यातही मुलाला अख्खं आणि मुलीला अर्धं. बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात उरतो नुसता रस्सा!

‘मला रस्साच आवडतो’ असं आपण हसून सांगतो. खरंच आवडतो, की सवयच लागली?

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय पिवळ्या बलकात ‘अ’ आणि ‘ब-१२’ ही जीवनसत्त्वं असतात. रस्स्याला चव येते ती मसाल्याची, हे सगळं राहतं अंड्यातच. गर्भारपणी आणि अंगावर पाजताना ज्या बाईला त्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला ते येत नाही.

आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये आलेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आठवा. गडचिरोलीतल्या अनेक जणींनी त्यातला आहार घेतला असेल. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण, ही त्यातली मुख्य गोष्ट. पुढे लहान मुलांसाठी अंडी, केळीही आली. जेवण अंगणवाडीतच बसून करायचं, याचा एक मोठा फायदा असा की बाईचा वाटा बाईच्याच पोटात जातो. घरी नेलं की त्याचे पाच वाटे होतात, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही?

शाळेच्या पोषण आहारातही २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र शासनाने त्याचा निधी थांबवला आणि अंडी लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. गरीब गावात लोकसहभाग आणायचा कुठून, हा प्रश्न ग्रामसभेत आपणच विचारायला हवा. पण आपल्या चुलीवर तरी निर्णय आपला आहे ना!

म्हणून पुढच्या वेळी असं करा. घरात माणसं पाच, तर अंडी पाच. पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटं उकडा, थंड पाण्यात टाकून सोला आणि हलक्या चिरा द्या. दोन कांदे आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा विस्तवावर भाजा. आलं-लसूण आणि असलीच तर चमचाभर खसखस घालून पाट्यावर बारीक वाटा. तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. हळद, तिखट, धनेपूड, मीठ घालून गरम पाणी ओता. उकळी आली की अंडी सोडा, मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा. वरून चिरलेला सांबार भुरभुरा.

परसातल्या गावरान कोंबड्यांची अंडी आपण बाजारात विकतो, नाहीतर खुडूक कोंबडीखाली ठेवतो. जरूर विका, पिल्लंही काढा. पण त्यातली थोडी घरासाठी राखा. अंडी न खाणाऱ्या घरांत हाच नियम वरण, दूध, दही यांना लावा.

आणि वाढताना एक मोजणी आधीच करून घ्या. जितकी ताटं तितकी अंडी, आणि त्या ताटांत एक ताट आपलंही. सासूबाईंनी सुनेला, आईनं लेकीला आग्रह करून वाढलं, तर ‘मला रस्साच आवडतो’ हे वाक्य पुढच्या पिढीला शिकावंच लागणार नाही.