गप्पांचा ओटा कुणाचा?

परवा माझी भाची बार्शीहून दोन दिवसांसाठी आली होती. रात्री जेवणं झाली, भांडी आवरली, की बाईसाहेब लॅपटॉप उघडून बसायच्या. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. तर म्हणाली, ‘‘नाही गं मावशी, एका सॉफ्टवेअरचं मराठी करतोय आम्ही काही जण. पैसे कुणालाच नाहीत. हौस!’’

मैत्रिणींनो, याला ओपन सोर्स म्हणतात. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही तो वाचावा, दुरुस्त करावा, वापरावा. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस ही त्यातलीच नावं. फायरफॉक्स उघडल्यावर मेनू मराठीत दिसतो ना, तो कुणीतरी घरी बसून, एकेक शब्द जुळवत मराठी केलेला असतो. एक पुण्यात, एक नांदेडला, एक अमेरिकेत. समोरासमोर भेट जवळपास नाहीच. मग अडलं की विचारायचं कुठं? चॅटवर. तेच त्यांचं ऑफिस, तोच कट्टा.

भाचीच्या गटाचा कट्टा मोबाईलवरचा नेहमीचा ग्रुप होता. ग्रुपमध्ये गेली आणि तिचा नंबर दीडशे अनोळखी लोकांना मिळाला. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला एका महाशयांचा मेसेज, ‘झोपलात का?’ मग रोज गुड नाइट, मग फोटो कुठला आहे याची चौकशी. नवऱ्यानं एकदा विचारलं, कुणाचा मेसेज? तिनं गुपचूप ग्रुप सोडला. तिच्याआधी दोघी अशाच गेल्या होत्या म्हणे. कुणी साधं विचारलंसुद्धा नाही की या तिघी का गेल्या. काम मात्र अर्धवट राहिलं. तो अनुवाद ती आता एकटीच पूर्ण करत होती, ग्रुपबाहेर राहून.

आता त्या गटानं नवीन जागा शोधायची ठरवली आहे आणि संयोजकांनी तिचंही मत मागवलंय. मंडळींचं भांडण रंगलंय, स्लॅक घ्यायचं की डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स की जुनं आयआरसीच बरं. ‘‘मावशी, तू काय म्हणशील?’’ मी काय कपाळ सांगणार! पण दोन दिवस तिच्याकडून सगळं समजून घेतलं. आणि आता माझं मत चांगलंच ठाम झालंय.

हे आयआरसी सगळ्यांत जुनं. १९८८ साली फिनलंडमधल्या एका तरुणानं विद्यापीठात बसून केलेलं. साधं, हलकं, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. रड एकच. तुम्ही जोडलेले असाल तेवढ्या वेळचंच बोलणं तुम्हाला दिसतं. लाइट गेली, नेट गेलं, मूल उठलं, की मधलं सगळं हुकलं. ज्यांना दिवसरात्र कॉम्प्युटर चालू ठेवणं परवडतं त्यांचं ठीक. आपल्याकडे उन्हाळ्यात किती वेळा लाइट जाते ते मी सांगायला नको!

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची गंमत ऐका. वीसेक वर्षं त्यांचा सगळा कारभार आयआरसीवर चालायचा. २०१९ साली त्यांनी जाहीरच केलं की आम्ही हे बंद करतोय. कारणं दिली ती मला फार आवडली. इथं आमच्या माणसांना त्रास दिला जातो, छळ होतो, आणि नव्या माणसाला इथवर पोचणंच अवघड जातं. बघा, म्हणजे इतक्या मोठ्या संस्थेलाही हे उघड बोलावं लागलं. मग त्यांनी आधी अटी ठरवल्या. कोण बोलतंय याची ओळख पटली पाहिजे, म्हणजे गैर वागणाऱ्याला बाहेर काढता येईल. अंध माणसालाही वापरता आलं पाहिजे. अटी ठरल्यावर मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट चॅट आणि स्लॅक असे चार पर्याय लोकांना वापरायला दिले. डिसेंबर २०१९मध्ये मॅट्रिक्स ठरलं, मार्च २०२०मध्ये जुनं बंद. आधी माणसांच्या अडचणी, मग जागा. आपण मात्र आधी साडी घेतो आणि मग ती कुठल्या कार्यक्रमाला नेसायची ते शोधतो.

स्लॅक दिसायला देखणं. आत शिरलं की लगेच जमतं. पण ते भाड्याचं घर आहे, आणि भाडेकरूला घरमालकाचं ऐकावंच लागतं. २०२२पासून फुकटच्या योजनेत नव्वद दिवसांपूर्वीचं बोलणं दिसत नाही. म्हणजे मार्चमध्ये कुणीतरी तासभर बसून समजावलेलं जुलैत गायब. पुन्हा विचारायचं, आणि पुन्हा विचारलं की कुणीतरी म्हणणार, ‘हे आधी सांगून झालंय.’ कुबरनेटीस नावाचा एक प्रचंड मोठा ओपन सोर्स प्रकल्प आहे. त्यांना स्लॅकनं खास सवलत दिली होती. जून २०२५मध्ये ती काढून घेत असल्याचा निरोप आला, अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीनं. धावपळ झाली, मग कंपनीनं निर्णय फिरवला. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर दीडशे जणांच्या मराठी गटाला कोण विचारतो?

स्वतःचं घर असलं तरी भांडण चुकत नाही म्हणा. फ्रीनोड नावाचं आयआरसीचं मोठं ठिकाण होतं, कितीतरी ओपन सोर्स मंडळींचा पिढीजात कट्टा. मे २०२१मध्ये त्याच्या ताब्यावरून वाद पेटला. ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नावानं नवं ठिकाण उभं केलं. पुष्कळ गट उठून तिकडे गेले. सोपं नव्हतं, पण जाता आलं. उघड्या पद्धतीच्या साधनांचा हा फायदा मला पटतो. चूल उचलून दुसरीकडे मांडता येते. मॅट्रिक्सचंही तसंच. डिस्कॉर्डमध्ये ते जमत नाही. कंपनी एक, दार एक.

तरीसुद्धा मला विचाराल तर माझं मत झुलिपला. तेही ओपन सोर्सच आहे. त्यात प्रत्येक बोलण्याला विषयाचं नाव देता येतं. ‘जोडाक्षरं नीट दिसत नाहीत’ असा विषय काढला, की त्यावरची सगळी चर्चा एकाच जागी राहते. सकाळी आठला कुणी विचारलं, दुपारी दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि रात्री दहाला भाची आली, तरी तिला धागा सापडतो. आपल्या वेळेनं वाचायचं, आपल्या वेळेनं उत्तर द्यायचं. तिथं तिचा नंबर कुणाला लागत नाही. आउटरीची नावाचा उपक्रम आहे, तंत्रज्ञानात ज्यांना सहज शिरकाव मिळत नाही अशांना पैसे देऊन घरबसल्या ओपन सोर्सचं काम शिकवणारा. त्याची सुरुवात बायकांसाठीच झाली होती. त्यांनीही हेच निवडलंय. दोष नाही असं नाही. पहिले दोन दिवस त्या विषयांच्या गर्दीत गोंधळायला होतं, असं भाचीच म्हणाली.

गटातल्या काही विद्वानांचा आग्रह असा, की तत्त्व सांभाळा, सगळं शंभर टक्के मुक्त हवं, बाकी गौण. तत्त्व मलाही मान्य आहे हो! पण ज्या तिघी निघून गेल्या, त्या काही तत्त्वावरून गेल्या नव्हत्या. आणि नुसती जागा बदलून तो रात्री साडेअकराचा मेसेजवाला सुधारणार आहे का? तो नव्या जागेतही खासगी मेसेज टाकेलच. त्याला हाकलण्याचा अधिकार दोघा-तिघांकडे हवा. त्यातली एक तरी बाई हवी, आणि तक्रार कुणाकडे करायची ते पहिल्याच पानावर लिहिलेलं हवं. आमच्या भिशीतसुद्धा पैशाचा घोळ झाला तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं असतं!

भाचीला मी एवढंच लिहून पाठवायला सांगितलं. नंबर दिसतो का, उशिरा आलेलीला मागचं वाचता येतं का, साध्या मोबाईलवर चालतं का, तक्रार कोण ऐकणार. ‘‘आणि त्या दोघींनाही विचार म्हणावं,’’ मी म्हटलं. तिनं लिहिलं. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं. ‘‘भांडखोर वाटत नाही ना गं?’’ असंही विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुद्दे चांगले आहेत, रविवारी संध्याकाळी सात वाजता सगळे ऑनलाइन भेटू, तेव्हा बोलू.

‘‘सात वाजता?’’ ती हसली. ‘‘सातला माझी कणीक भिजवायची वेळ!’’

आणि तिनं तेही टाइप करून पाठवलं.