शस्त्रे आपली, भाषा कोणाची?

२७ फेब्रुवारी २०१९ची सकाळ. बालाकोटच्या हवाई हल्ल्याला जेमतेम एक दिवस उलटला होता. प्रत्युत्तर म्हणून पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेवर चालून आली होती आणि काश्मीरच्या आकाशात झुंज पेटली होती. त्याच वेळी श्रीनगरच्या तळावरून एक क्षेपणास्त्र सुटले आणि बडगामजवळ एका हेलिकॉप्टरवर जाऊन आदळले. हेलिकॉप्टर शत्रूचे नव्हते. भारतीय हवाई दलाचेच एमआय-१७ होते. त्यातील सहा वायुसैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणास मुकले. क्षेपणास्त्राने नेम चुकवला नाही. पडद्यावर दिसणारा ठिपका आपला आहे, एवढेच ते डागणाऱ्यांना कळले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरवरील मित्र-शत्रू ओळखयंत्रणा बंद होती, जमिनीवरील कर्मचारी आणि चालकदल यांच्या संपर्कात त्रुटी होत्या, असे चौकशीतून पुढे आले. मानवी चूक ठरली, जबाबदारी निश्चित झाली. ते योग्यच झाले. परंतु प्रश्न तेथे संपत नाही. आपला आणि परका यांतील भेद ऐन धुमश्चक्रीत कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर आणि एखाद्या बटणावर अवलंबून राहावा, ही व्यवस्था एकविसाव्या शतकातील सेनेला शोभते काय?

ठिपक्याचे व्याकरण

आधुनिक युद्ध हे प्रथम माहितीचे युद्ध आहे. रडारला एक वस्तू दिसते. ती कोठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहे, आपली की परकी, ही माहिती तोफखान्यापर्यंत, लढाऊ विमानापर्यंत, युद्धनौकेपर्यंत काही क्षणांत पोहोचावी लागते. ती माणसाने दूरध्वनीवरून सांगायची नसते. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला सांगायची असते. माणूस अडखळत बोलला तरी समोरचा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. पहिल्या रकान्यात काय, दुसऱ्यात काय, उंची फुटांत की मीटरमध्ये, वेळ भारतीय की जागतिक प्रमाणवेळ, स्थान कोणत्या नकाशा-आधारावर मोजलेले, हे सारे आधी ठरलेले असावे लागते. या ठरावालाच माहितीचा समान साचा म्हणतात.

बाब किरकोळ वाटते, पण किंमत मोठी असते. सप्टेंबर १९९९मध्ये अमेरिकेचे मंगळयान मंगळाच्या दारात पोहोचून नष्ट झाले. एका संगणकप्रणालीने बलाचे आकडे ब्रिटिश एककांत दिले, दुसरीने ते मेट्रिक समजून वापरले. आकडे बरोबर होते, गणितही बरोबर होते. साचा जुळला नाही. आपल्याकडे सर्वेक्षण खात्याचे नकाशे दीर्घकाळ एव्हरेस्ट आधारावर काढले जात आणि उपग्रह स्थान सांगतो तो आधार वेगळा. तोच बिंदू दोन्ही पद्धतींनी मांडला आणि रूपांतर करायचे राहून गेले, तर क्षेपणास्त्राला लक्ष्य चुकवायला तेवढे अंतर पुरते.

परक्यांनी मोजलेली किंमत

जगातील सर्वांत धनाढ्य सेनेने हा धडा रक्त सांडून घेतला आहे. १९८३मध्ये ग्रेनाडाच्या मोहिमेत अमेरिकी भूदल व नौदल यांचे रेडिओ एकमेकांशी बोलू शकले नाहीत. अशा अनुभवांतून १९८६मध्ये त्यांच्या संसदेला कायदा करून सेनादलांना एकत्र बांधावे लागले. तरीही १९९१च्या आखाती युद्धात हवाई मोहिमेचा रोजचा आदेश विमानवाहू नौकांवरील यंत्रणांना घेता येत नव्हता. तो कागदावर छापून दररोज विमानाने पोहोचवावा लागे! १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी आपल्याच सेनेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. २६ जण ठार झाले. हेलिकॉप्टरांचा ओळखसंकेत वेगळा होता आणि रेडिओही जुळणारे नव्हते. मार्च २००३मध्ये पॅट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटनचे टॉर्नेडो विमान पाडले, त्यातील दोघेही गेले. त्या तुकडीची संपर्कसामग्री रणांगणावर पोहोचलीच नव्हती. ती एकटीच, आंधळेपणाने निर्णय घेत होती.

या अनुभवांतून नाटो राष्ट्रांनी लिंक-१६सारखे समान साचे अधिकाधिक पक्के केले. त्यात प्रत्येक प्रकारच्या संदेशाला ठरलेला क्रमांक आणि ठरलेली रचना आहे. आपले विमान 'मी येथे आहे' हे ठरावीक काळाने स्वतःच सांगत राहते. डझनावारी देश, शेकडो कारखाने, पण व्याकरण एक. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण करू नये हे खरे, परंतु त्यांनी प्राण देऊन विकत घेतलेले शहाणपण फुकट मिळत असता नाकारणे हा स्वाभिमान नव्हे.

बहुरंगी शस्त्रागार

भारताचे शस्त्रागार जगातील कोणत्याही मोठ्या देशापेक्षा बहुरंगी आहे. सुखोई आणि एस-४०० रशियाचे, राफेल फ्रान्सचे, स्पायडर इस्रायलचे, सागरी टेहळणीचे पी-८आय अमेरिकेचे. टेहळणीच्या फाल्कन विमानात तर सांगाडा रशियन आणि रडार इस्रायली. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या काळात भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ३६ टक्के, फ्रान्सचा ३३ टक्के आणि इस्रायलचा १३ टक्के होता. याच काळात पाकिस्तानच्या आयातीपैकी ८१ टक्के शस्त्रे एकट्या चीनमधून आली.

या दोन आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाकिस्तानने आपले स्वातंत्र्य चीनकडे गहाण टाकले आहे, पण त्या गहाणखतासोबत त्याला एक सोय मिळते. विक्रेता एकच असल्याने विमान, क्षेपणास्त्र आणि रडार यांची भाषा जुळवणे सोपे जाते. मे २०२५च्या संघर्षात चीन पाकिस्तानला प्रत्यक्ष वेळेत माहिती पुरवीत होता, असे भूदलाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी जुलै २०२५मध्ये जाहीरपणे सांगितले. भारताने कोणा एकाच्या दावणीला बांधून न घेण्याचा मानी मार्ग निवडला. तो योग्यच आहे. मात्र दहा दुकानांतून खरेदी करणाऱ्याकडे स्वतःचे व्याकरण नसेल, तर त्याचे वैविध्य हे सामर्थ्य न राहता गोंगाट होतो.

मग लिंक-१६ जसेच्या तसे का घेऊ नये, असे विचारणारे महाभाग आहेत. उत्तर पी-८आयच्या इतिहासातच आहे. २०१३मध्ये ही विमाने आली, पण अमेरिकेच्या खास कूटलेखन उपकरणांविना. त्यासाठी आधी करार करा, अशी अट होती. तो सप्टेंबर २०१८मध्ये झाला. त्या कराराचे लाभ आहेत आणि ते घ्यावेतही. पण ज्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, ते कुलूप आपल्या घराच्या मुख्य दाराला लावू नये.

दुभाषांचे भाडे

दुसरा युक्तिवाद अधिक साळसूद आहे. समान साचा कशाला, दोन यंत्रणांच्या मध्ये एक दुभाषी पेटी बसवली की झाले! हिशेब करून पाहावा. दहा यंत्रणांना एकमेकींशी थेट बोलायचे तर दोन-दोनांच्या ४५ जोड्या होतात, म्हणजे ४५ दुभाषी. वीस यंत्रणा झाल्या की १९०. एका यंत्रणेत बदल झाला की तिच्या साऱ्या दुभाष्यांना पुन्हा शिकवा, आणि त्यासाठी पुन्हा परदेशी विक्रेत्याचे उंबरठे झिजवा. समान साचा असेल तर दहा यंत्रणांना दहाच जोडण्या पुरतात. शिवाय प्रत्येक भाषांतरात काही निसटते. साहित्यात अर्थाची छटा निसटते, रणांगणावर सेकंद निसटतात.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. सर्वांची भाषा एक झाली तर शत्रूला एकच भाषा शिकावी लागेल, असे म्हटले जाते. ही साचा आणि कूट यांची गल्लत आहे. पत्राचा मायना सर्वांना ठाऊक असतो म्हणून बंद लखोट्यातील मजकूर उघडा पडत नाही. साचा समान असावा, कूटाची किल्ली गुप्त असावी आणि ती सतत बदलावी.

परदेशी कंपन्या जोडणीचा तपशील देणार नाहीत, ही हतबलता तर सुखोईनेच खोटी ठरवली आहे. सुखोई-३० एमकेआय या विमानात रशियन सांगाडा, फ्रेंच व इस्रायली उपकरणे आणि भारतीय संगणक एका प्रमाणित माहितीवाहिनीवर एकत्र नांदतात. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी याच विमानावरून ब्रह्मोस सोडले गेले. चार देशांची यंत्रे एका विमानाच्या पोटात एका भाषेत बोलू शकतात, कारण भारताने ग्राहक म्हणून तसा आग्रह धरला. मग जे एका विमानाच्या पोटात साधले, ते तीन सेनादलांच्या आकाशात का साधू नये?

मनाची तटबंदी

अडथळा तंत्रज्ञानाचा नाही, मनांचा आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने दाखवून दिले होते की माहितीचे तुकडे ठिकठिकाणी होते, ते जोडणारी व्यवस्था नव्हती. त्यानंतर मंत्रिगटाने २००१मध्ये तीनही दलांसाठी एका प्रमुखाची शिफारस केली. ते पद प्रत्यक्षात आले १ जानेवारी २०२०ला, जनरल बिपिन रावत यांच्या रूपाने! एकोणीस वर्षे देश थांबला. या काळात प्रत्येक दल आपापल्या गरजेची यंत्रणा आपापल्या मागणीपत्रकावर घेत राहिले. दलांचा स्वाभिमान वंदनीय आहे, पण शत्रूचे ड्रोन भूदलाच्या हद्दीतून हवाई दलाच्या हद्दीत शिरताना परवाना मागत नाही.

चित्र निराशेचे मुळीच नाही. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी भूदलाची 'आकाशतीर' आणि हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण यंत्रणा जोडलेल्या होत्या आणि पाकिस्तानी ड्रोनचे लोंढे परतवण्यात या जोडणीचा मोठा वाटा होता. दोन्ही यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडवलेल्या, स्वदेशी. ऑक्टोबर २०२५मध्ये लष्करी रेडिओंच्या संगणकप्रणालीसाठी 'डीआरडीओ'ने तीनही दलांसह भारतीय मानक प्रसिद्ध केले. पाया घातला गेला आहे. धोका आहे तो पाया घालून फुले वाहण्याचा आणि भिंती पुन्हा वेगवेगळ्या बांधण्याचा. मानक कागदावर असून भागत नाही. ज्या करारात त्याला सूट मिळते, तेथे ते मेलेले असते.

राज्यव्यवहारकोशाचा धडा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. कारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशी त्याची रचना आहे. चोहोबाजूंनी शत्रू असताना राजाने शब्दांची काळजी का करावी? कारण गड, फौज आणि आरमार असूनही ज्या राज्याच्या आज्ञा परक्याच्या शब्दांवाचून लिहिता येत नाहीत, ते राज्य पुरते स्वतंत्र नसते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते.

आजच्या राज्यव्यवहारकोशाचे शब्द संगणकाचे आहेत, एवढाच फरक. मागण्या तीनच आहेत. संदेशाचा साचा भारताने लिहावा आणि त्याचे स्वामित्व भारताकडे असावे. तो प्रत्येक शस्त्रखरेदीची अनिवार्य अट असावा. दल कोणतेही असो, विक्रेता कितीही मोठा असो, सूट नसावी. आणि नव्या देशी उद्योजकांना तो खुला असावा, म्हणजे पुण्या-बंगळुरूच्या छोट्या कारखान्यातील ड्रोनही पहिल्या दिवसापासून सेनेच्या भाषेत बोलेल.

देशात किती तोफा आणि किती विमाने बनली, याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात, आणि ते सांगावेत. पण आत्मनिर्भरतेची खरी कसोटी कारखान्याच्या दारात लागत नाही. ती बडगामच्या आकाशात लागते. तेथे एक ठिपका पडद्यावर उमटतो, डागणाऱ्याचे बोट कळीवर असते, आणि त्या क्षणी 'मी आपलाच आहे' हे शब्द त्याला समजतील अशा भाषेत पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. ते न पोहोचण्याची किंमत सात घरांनी एकदा मोजली आहे.