शिवेपलीकडचा शब्द

मैत्रिणींनो, परवा नववीच्या वर्गात ‘गुणातीत’ या शब्दाशी गाडी अडली. अतीत म्हणजे पलीकडे गेलेला. शब्दातीत, कालातीत हे त्याचेच सोबती. दारी आलेल्या गोसाव्यालाही जुनी माणसं अतीत म्हणत. सगळं फळ्यावर लिहिलं, पण मुलींचे चेहरे कोरेच. एकीने विचारलं, “बाई, पण पलीकडे म्हणजे कशाच्या?”

आली का पंचाईत! ‘अतिक्रमण’ सांगावं, तर त्याचाही मूळ अर्थ ओलांडून जाणं. पण आपल्याला तो शब्द ऐकला की महापालिकेची गाडी आणि टपऱ्याच दिसतात. शेवटी म्हटलं, “दसऱ्याला शिलंगण असतं ना? तेच सीमोल्लंघन. गावाची शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं आणायचं.”

तर दुसरी म्हणाली, “बाई, आमच्याकडे बाबा नि दादा जातात. ते आल्यावर आम्ही ओवाळतो.”

खडू हातातच राहिला. नांदेडला माहेरी तरी काय वेगळं होतं? दसऱ्याला गुरुद्वाऱ्याचा हल्ला महल्ला बघायला आम्ही बहिणी धावायचो, पण शिलंगणाला जायचे ते वडील नि काका. लातूरला सासरी आल्यापासून बारा वर्षं मीही दारात तबक घेऊन उभी.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, गुणातीत माणूस ओळखायचा कसा? ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ते मराठीत उलगडून सांगितलं. ज्याला ढेकूळ, दगड नि सोनं सारखंच, मान-अपमानही सारखाच, तो गुणातीत. वाचायला सोपं हो! मला तर भाजी खारट झाली म्हणून कोणी बोललं तरी रात्री डोळा लागत नाही. पण मन मारून गप्प बसणं म्हणजे पलीकडे जाणं नव्हे, बरं का. आपल्याला ‘समजूतदार’ म्हणतात ते बहुधा या गप्प बसण्यालाच.

घरी येऊन सासूबाईंना वर्गातली गंमत सांगितली. त्या वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “सत्तर वर्षं झाली, आपट्याचं झाड कुठल्या बाजूला आहे ते बी मला ठाऊक नाही.”

यंदा त्यांना शिवेपर्यंत घेऊन जायचं मी ठरवलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. परत आल्यावर आमच्यासाठी दारात तबक कोण धरणार, तेही ठरायचंय.